बेस्ट-वर्स्टच्या याद्या करणाऱ्यांनो, तिकीट खिडकीतून एक खुलं पत्र

प्रति,
दशकातले सर्वात भारी आणि सर्वात भिकार मराठी सिनेमे ठरवणाऱ्या तमाम सिनेमावेड्यांना,

नमस्कार मंडळी.

२०१० ते २०१९ या दशकातले टॉप टेन कुठले आणि बॉटम टेन कुठले यावरून तुमचं जे काही चाललेलं असतं ते मी बरेच दिवस गप्प बसून बघतोय. दशक संपूनही आता वर्षं झाली, मधे कोरोना येऊन गेला, आमच्यासारखी कितीतरी थेटरं कायमची बंद पडली, तरी तुमचं 'कोर्ट' मोठा का 'सैराट' मोठा हे काही मिटत नाही. भांडा, चांगलंच आहे, सिनेमावर नाही भांडायचं तर कशावर. पण परवा एक यादी हातात आली आणि डोकं सटकलं. बेस्टमधल्या दहापैकी सात सिनेमे असे की जे आमच्या गावात कधी लागलेच नाहीत आणि वर्स्टमधले निम्मे असे की ज्यांना मी स्वतःच्या हातानं हाउसफुल्लचा बोर्ड लावलाय. म्हणजे आमच्या गावाची चव भिकार असं म्हणायचंय का तुम्हाला? म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, मी मनाला लावून घेणार नाही, थोडं खरं पण आहे ते.

आधी मी कोण ते सांगतो. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, तिथं माझ्या मामांचं थेटर होतं. खाली फर्स्ट क्लास, वर बाल्कनी, डोक्यावर पत्रे, एसी वगैरे काही नाही, चार मोठे कूलर होते त्यातले दोन चालायचे आणि त्यातल्या एकाच्या आवाजात डायलॉग ऐकू यायचे नाहीत म्हणून पब्लिकच ओरडायचं की बंद करा तो. दहाएक वर्षं मी तिथं खिडकीत बसलो. तिकिटं फाडायची, सुट्ट्यासाठी वाद घालायचा आणि रात्री शेवटचा शो सुटला की डीसीआर भरायचा. डीसीआर म्हणजे रोजच्या कलेक्शनचा रिपोर्ट, कुठल्या शोला कुठल्या क्लासची किती तिकिटं गेली त्याचा हिशोब, तो वितरकाला जातो. त्याच्या कार्बन कॉप्या अजून माझ्याकडे पोत्यात भरून ठेवल्यात.

आता यातली एक गोची सांगतो. खिडकी इंटरव्हलपर्यंत उघडी ठेवावी लागायची, उशिरा येणारे असतातच, शिवाय हिशोब. त्यामुळे मी सिनेमा बघायचो तो इंटरव्हलनंतर, दाराशी उभं राहून. या दशकातल्या बहुतेक सिनेमांचा पहिला हाफ मला दोन-चार वर्षांनी टीव्हीवर लागला तेव्हा कळला. तेव्हा मी सेकंड हाफचा माणूस आहे हे आधीच कबूल करतो आणि मगच तोंड उघडतो. तुम्हीपण असं काहीतरी कबूल करावं अशी माझी मागणी आहे, त्यावर पुढे येतो.

'सैराट'चंच घ्या. २९ एप्रिल २०१६. तुमच्यातले अर्धे लोक त्याला गाण्यांचा पिक्चर म्हणून बाजूला सारतात, आणि जे बेस्टमध्ये घालतात तेसुद्धा शंभर कोटींचा पहिला मराठी सिनेमा, झिंगाट, अजय-अतुल एवढंच लिहून पुढं जातात. मी काय पाहिलं ते सांगतो. मी जवळजवळ दीड महिना रोज तीन-चार वेळा फक्त हैदराबाद पाहिलं. म्हणजे पळून गेल्यावर ती दोघं राहतात ती झोपडपट्टी, ते डोशाचं दुकान, बाटल्या भरायच्या कारखान्यात जाणारी आर्ची, संशय घेऊन तिच्यावर हात उचलणारा परश्या. बाहेर खिडकीवर बसल्या बसल्या झिंगाटच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, खुर्च्यांवर उभं राहून नाचायचे, दोन खुर्च्या तर मोडल्याच, आणि मग इंटरव्हलनंतर मी आत जायचो तेव्हा तेच पब्लिक हळूहळू गार पडत जायचं. परश्या तिच्यावर हात उचलतो तिथं पहिल्या आठवड्यात खालून दोन-चार शिट्ट्या यायच्या बरं का. बाल्कनीतून एकदा एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "वाजीव, आजून वाजीव, तुझी आय आली न्हाई वाटतं पिक्चरला." पुढं त्या शोला कुणी शिट्टी मारली नाही.

शेवट तर तुम्हाला माहितीच आहे, आवाजच नाही. आवाज नसला की आमच्या थेटरात कूलरचा आवाज येतो. मामांनी पहिल्या दिवशी आत येऊन विचारलं साउंड गेला का रे. ऑपरेटरनं हातानंच नाही म्हणून सांगितलं. ज्यानं 'सैराट'वर वर्स्ट-ओव्हररेटेड असा शिक्का मारलाय त्यानं तो कुठं पाहिला, कुणाबरोबर पाहिला, ते लिहावं. आणि हो, 'सैराट' जिथला आहे ते करमाळा आमच्यापासून लांब नाही, पडद्यावर ती भाषा ऐकून आमच्याकडच्या लोकांना काय वाटलं ते पुण्या-मुंबईतल्या माणसाला सांगून कळणार नाही, आमचे मास्तर जी भाषा बोललं की छडी मारायचे ती भाषा हिरोईन बोलत होती.

'फँड्री'चा किस्सा याच्याही आधीचा. १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला, व्हॅलेंटाइन डे. आणि त्याचं ते विंचवाचं गाणं टीव्हीवर, रिक्षात, लग्नाच्या बँडमध्ये सगळीकडे वाजत होतं. तर पब्लिक आलं गाण्यासाठी आणि गाणं सिनेमात नाहीच! ते नुसतं प्रमोशनसाठी होतं. इंटरव्हलला एक माणूस, पांढरं शर्ट, कॉलेजातल्या पोरांना घेऊन आलेला, खिडकीवर येऊन विचारतो, "गाणं कवा हाय?" मी म्हटलं पुढं असेल, मला काय माहिती, मी कुठं पाहिला होता. पिक्चर सुटल्यावर तोच माणूस परत आला, पैसे परत दे म्हणून. मामांनी त्याला चहा पाजून लावून दिला.

आणि आत काय झालं ते. डुक्कर पकडायची धडपड चालू असते, गाव बघत हसत असतं, आणि आमचं पब्लिकपण हसत होतं, मोकळेपणानं, पोटभर. मधे शाळेत राष्ट्रगीत लागतं आणि जब्याचं, म्हणजे सिनेमातल्या पोराचं, सगळं घर जागच्या जागी थांबतं, डुक्कर पळून चाललंय तरी. आमच्या थेटरात दोघंतिघं खरोखर उठून उभे राहिले, सवयच ती, सिनेमाच्या आधी उभं राहायची. मागचे ओरडले "ए खाली बस, दिसंना." ते बसले नाहीत. आणि मग शेवटचा दगड. तो थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा. हसणारे जे होते त्यांचं हसू कधी बंद पडलं ते मला सांगता येणार नाही पण दगडाच्या बऱ्याच आधी पडलं होतं. बाहेर पडताना लोक एकमेकांकडे बघत नव्हते. आमचं गाव छोटं, कोण कुठल्या आळीतला ते सगळ्यांना ठाऊक, एकाच दारातून बाहेर पडायचं असतं. हे मला मल्टिप्लेक्समध्ये कधी दिसलं नाही, तिथं अंधारात शेजारी कोण बसलंय ते माहितीच नसतं.

दहा-बारा दिवस कसाबसा चालला. डीसीआर बघाल तर म्हणाल फ्लॉप. माझ्या मते दशकातला एक नंबर सिनेमा आहे तो, सेकंड हाफ पाहून सांगतोय आणि नंतर पहिला हाफ पाहूनही मत बदललं नाही. तो पांढऱ्या शर्टवाला मला परत दिसला दोन वर्षांनी, 'सैराट'च्या लाइनीत. तिकीट घ्यायच्या आधी विचारलंन, "ह्येच्यात गाणी हायत ना?"

आता तुमच्या लाडक्या 'कोर्ट'वर येतो. व्हेनिसला बक्षीस, मग सुवर्णकमळ, मग ऑस्करला भारताकडून पाठवला. या दशकात मराठीला तीन वेळा सर्वोत्कृष्ट सिनेमाचं सुवर्णकमळ मिळालं, 'देऊळ'ला ('ब्यारी'बरोबर विभागून), 'कोर्ट'ला आणि 'कासव'ला. त्यातला 'देऊळ' आमच्याकडे लागला आणि बरा चालला, कारण पोस्टरवर नाना पाटेकर होता आणि शेजारच्या गावात नुकतंच तसंच एक देऊळ उभं राहिलं होतं त्यामुळे लोक नावं घेऊन घेऊन हसत होते. 'कोर्ट' आणि 'कासव' लागले नाहीत. मी मामांच्या मागं लागलो होतो, मामांनी वितरकाला फोन पण केला, पलीकडून विचारणा झाली तुमच्याकडे असला सिनेमा कोण बघणार, आणि मामांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेपण नव्हतं.

मग मी पुण्याला गेलो, मित्राकडे राहिलो, सकाळचा शो, मोजून एकोणीस माणसं. (मोजायची सवय जात नाही.) आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी पिक्चर पहिल्यापासून पाहिला, खुर्चीत बसून. ती सरकारी वकीलबाई कलमं वाचते ना, एका सुरात, बाजाराची यादी वाचावी तशी, आणि मग लोकलनं घरी जाऊन स्वयंपाक करते, मला तिथं आमच्या तालुक्याच्या कोर्टातली माणसं दिसायला लागली. एके ठिकाणी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून जातात, पडदा जवळजवळ काळा होतो. आमच्या ओळीतली चार माणसं उठली, पर्स घेतली, झालं संपलं म्हणून. मीपण अर्धा उठलो, दिवे लावायची वेळ झाली असं हाताला वाटलं. आणि मग पिक्चर पुढं चालू! जज्ज साहेब सुट्टीवर रिसॉर्टला गेलेले. उठलेली माणसं जिन्यातच उभी राहिली, परत बसायला लाज वाटत असावी, शेवटचा सगळा भाग त्यांनी माझ्यासारखाच उभं राहून पाहिला.

भारी सिनेमा आहे, वादच नाही. पण तुम्ही जेव्हा म्हणता की ग्रामीण पब्लिकनं असल्या सिनेमांना साथ दिली नाही, तेव्हा माझं डोकं फिरतं. साथ द्यायला तो आला कुठं? आमच्याकडे 'कोर्ट' आला तो एस.टी. स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात. दहा रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, वीस-पंचवीस सिनेमे एकदम, दाक्षिणात्य डब केलेले, भजनं, आणि मधेच कुठंतरी 'कोर्ट'. आमच्या थेटरचं वाटोळं त्या कार्डांनी केलं हेही खरंय, मी त्या दुकानदाराशी दोन वर्षं बोलत नव्हतो. पण मला गावात तो सिनेमा पाहिलेली जी सहा-सात माणसं भेटली ती सगळी त्या कार्डातली, आणि त्यातल्या एकानं, वायरमन आहे तो, मला सिनेमातल्या आरोपी शाहिराच्या पहिल्या अटकेबद्दल असं काही बोलून दाखवलं की तुमच्या यादीखाली छापावं.

२०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं जाहीर केलं होतं आठवतंय का, मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ मराठी सिनेमा लावायचा, त्यावर केवढा आरडाओरडा झाला, पॉपकॉर्नपासून मिसळीपर्यंत विनोद झाले, मग ते दुपारी बारा ते रात्री नऊच्या मधे कधीपण असं झालं. तुम्ही तेव्हापण दोन्ही बाजूंनी भांडलात. आमच्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच नाही हो. आमचा प्रश्न वेगळाच. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, 'कट्यार काळजात घुसली' आणि सलमानचा 'प्रेम रतन धन पायो' एकाच दिवशी आले. पडदा एक. तुम्ही मामांच्या जागी असता तर काय लावलं असतं? खरं सांगा. दिवाळीच्या आठवड्यावर वर्षाचं लाइटबिल निघतं. मामांनी सलमान लावला, आणि नंतर 'कट्यार' आणला तोपर्यंत ज्यांना बघायचा होता ते सोलापूरला जाऊन पाहून आले होते. आमच्या डीसीआरवर 'कट्यार' म्हणजे कोरड्या विहिरीगत दिसतो. 'किल्ला' जूनच्या शेवटी आला, पेरणीचे दिवस, त्या दिवसांत आमच्याकडे कुणी थेटरची पायरी चढत नाही, मग तो बर्लिनला नावाजलेला असो नाहीतर अजून कुठं. आणि 'वेंटिलेटर' ४ नोव्हेंबर २०१६ चा, तो आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात लागला तर तोवर ८ तारखेची नोटाबंदी येऊन बसली होती. चाळीसचं तिकीट, समोर पाचशेची नोट, ती घ्यायची का नाही कुणालाच कळेना, दोन हजाराचे सुट्टे माझ्या आज्ज्यानं दिले नसते. ओळखीच्यांना मी उधार तिकिटं दिली. त्यातले काही पैसे अजून यायचेत. हे सगळं तुमच्या यादीत कुठं मोजता येत नाही मला माहितीय, पण मग "लोकांनी नाकारलेले चांगले सिनेमे" असं हेडिंग तरी देऊ नका.

बाकी चरित्रपटांवरून तुमची जी जुंपते त्यात मला रस नाही. अर्धं दशक सुबोध भावे कुणाचा तरी रोल करत होता आणि चांगला करत होता, विषय संपला. 'नटसम्राट'ला रडलेल्या माणसांना येडं म्हणू नका, 'नटसम्राट' जास्त झाला असं म्हणणाऱ्यांनापण म्हणू नका, मी स्वतः दुसऱ्या गटातला आहे.

आता वर्स्ट. मंडळी, तुम्हाला वर्स्ट सिनेमा म्हणजे काय ते माहितीच नाही. तुम्ही वर्स्टमध्ये टाकता ते सगळे मोठ्या नावांचे, ज्यांच्याकडून तुमच्या अपेक्षा होत्या ते. सिक्वेल फसला, टाका वर्स्टमध्ये. 'लय भारी'त सलमान आला, टाका वर्स्टमध्ये. अहो तो अपेक्षाभंग झाला, भिकार सिनेमा वेगळा. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी सिनेमे यायचे त्या काळात, तुम्ही त्यातले किती पाहिलेत? पंधरा? वीस?

एका मे महिन्यातली गोष्ट सांगतो, सिनेमाचं नाव सांगत नाही, निर्माता अजून भेटतो बाजारात. जमीन विकून आलेला पैसा. आठवडाभराचं भाडं त्यानं मामांना आगाऊ मोजलं, कुठला वितरक नाही न् काही नाही. पोस्टरवर हिरोपेक्षा निर्मात्याच्या चुलत्याचा फोटो मोठा, फेटा बांधलेला. हिरो म्हणजे पुतण्या. पहिल्या शोला दोन गाड्या भरून पाहुणे आले, हार, ढोल, पेढे, एका पाहुण्यानं पडद्याला नारळ फोडायचा हट्ट धरला होता तो कसाबसा पायरीवर फोडायला लावला. दुसऱ्या शोपासून शुकशुकाट. एका दुपारच्या शोला चार तिकिटं गेली, त्यातले दोघं बाहेर ऊन आहे म्हणून आलेले आणि कूलरखाली झोपले. मी त्या आठवड्यात खिडकी सोडून पहिल्यापासून बसून पाहिला, काही कामच नव्हतं. हिरोईनचा आवाज एका सीनमध्ये एका बाईचा आणि दुसऱ्या सीनमध्ये दुसरीचा. पावसाच्या गाण्यात मागं कडक ऊन आणि टँकरवर ग्रामपंचायतीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. व्हिलन मेल्यानंतर दोन सीननी परत जिवंत, बहुतेक रिळांची (आता रिळं कसली, फाइलींची) गल्लत झाली असावी, कुणाच्या लक्षातपण आलं नाही.

आणि त्याच सिनेमात एक म्हातारी बाई होती, हिरोच्या आजीच्या रोलमध्ये, कुठल्यातरी तमाशा फडात आयुष्य काढलेली असावी. तिला एकच सीन. नातू शहरात निघालाय आणि ती त्याच्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवते, काढते, परत ठेवते, कारण बॅगेत मावत नाही. डायलॉग एक नाही. झोपलेल्यातला एक उठून बसला होता त्या सीनला. ती कोण, नाव काय, टायटलमध्ये बघायचं ठरवलं तर टायटल पावसाच्या गाण्यावर इतक्या भरभर गेलं की वाचता आलं नाही, तीनदा प्रयत्न केला. ऑपरेटर म्हणाला थांबवता येत नाही.

हा माझा दशकातला वर्स्ट सिनेमा. तुमच्या कुणाच्याच यादीत नाही आणि कधी येणारपण नाही, कारण तुम्ही तो पाहिलाच नाहीत. आता म्हणाल मग आम्ही करायचं काय, याद्याच करू नयेत का. करा की. माझं एवढंच म्हणणं आहे की प्रत्येक नावापुढं लिहा, कुठं पाहिला, कितीचा शो, पूर्ण पाहिला का अर्धा, थेटरात का मोबाइलवर, आणि शेजारी कोण होतं. तुमच्यातल्या एकानं मागे 'गुलाबजाम' कंटाळवाणा म्हणून लिहिलं होतं आणि नंतर कबूल केलं की रात्री दीड वाजता पुण्याच्या बसमध्ये पाहिला. असं आधी लिहायला काय जातं? मी माझं लिहिलंय वर, सेकंड हाफ, दाराशी उभं राहून.

आणि वर्स्टमध्ये टाकायचा असेल तर शेवटपर्यंत बघून टाका. पैसे परत मागणारा तो पांढऱ्या शर्टवालासुद्धा शेवटपर्यंत बसला होता.

थेटर २०१९ ला बंद झालं. तिथं आता मंगल कार्यालय आहे, बाल्कनीच्या जागी नवरीची खोली. खुर्च्या भंगारात गेल्या, मी एक ठेवलीय घरी, 'सैराट'मध्ये मोडलेल्या दोघींपैकी आहे, वेल्डिंग करून घेतलं. डीसीआरचं पोतं माळ्यावर आहे. मामी दर दिवाळीला रद्दीवाल्याला द्यायच्या मागं लागते आणि मी दर वेळी काहीतरी सांगून वाचवतो. तुमच्यातल्या कुणाला दशकाची यादी नीट करायची असेल तर या, चहा देतो, बसून सगळे कागद काढू, त्या मे महिन्यातल्या आठवड्याचापण आहे त्यात. फक्त दिवाळीच्या आत या.

आपला,
खिडकीतला

ता.क. 'टाइमपास' वर्स्टमध्ये टाकणाऱ्यांसाठी वेगळं पत्र लिहिणार आहे. त्याला आमच्याकडे जानेवारीच्या थंडीत बाहेर शेकोटी करून लोक पुढच्या शोची वाट बघत बसले होते, आणि त्याचा मी एकही हाफ नीट पाहिलेला नाही, एवढी गर्दी होती.